घरपट्टीची पावती आणि बंगल्याची किंमत

मोठ्या घरांवर आणि स्थावर संपत्तीवर कर बसवावा की नाही, या वादात आपली माणसे सहसा बोलत नाहीत. हा वाद बंगलेवाल्यांचा आणि सरकारचा, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. अभ्यासवर्गात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांनी बंगल्याच्या कराची चर्चा कशाला करायची? माझे उत्तर असे की, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांनीच ती आधी केली पाहिजे. कर कोणावर बसत नाही हे ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी तो कोणावर बसणार हेही ठरून जाते.

हा विषय मी महाबळेश्वरच्या आधाराने मांडणार आहे. याचे कारण साधे आहे. दहा-बारा महिने कुलूप असलेला बंगला आणि दहा-बारा माणसांनी भरलेली दोन खोल्यांची वस्ती ही दोन्ही चित्रे या एका डोंगरावर, हाकेच्या अंतरावर पाहायला मिळतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जे दोन प्रकरणांत विभागलेले असते ते येथे एकाच रस्त्यावर दिसते.

जमीन कोठून आली?

महाबळेश्वरचा बाजार म्हणजे जुने माल्कम पेठ. १८२९ च्या मे महिन्यात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात करार झाला. वाई प्रांतातील खंडाळा गाव देऊन कंपनी सरकारने हा डोंगर घेतला. गोऱ्या साहेबांना उन्हाळा काढण्यासाठी थंड हवा हवी होती. या व्यवहारात डोंगरावरच्या कोळी, धावड, कुणबी, महार यांना कोणी विचारले नाही. रस्ते करण्यासाठी मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी कामाला लावले गेले आणि साहेबांच्या जेवणातला भाजीपालाही त्यांनीच पिकवला. पुढे साहेबांच्या शेजारी संस्थानिक आले, मुंबईचे शेठ आले. सरकारने भूखंड भाडेपट्ट्याने दिले. इंग्रजी नावांचे बंगले उभे राहिले. साहेब गेले, नावे राहिली. भाडेपट्टेही राहिले.

आता दुसऱ्या बाजूची जमीन पाहू. महार वतन १९५८ च्या कायद्याने खालसा झाले. वतनाची जमीन त्याच वतनदाराला परत मिळण्यासाठी सरकारने आकाराच्या तिप्पट रक्कम मागितली. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीची. ती विकायची तर परवानगी आणि बिगरशेती करायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा. म्हणजे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गावकी केली, सरकारी वसुलाची थैली डोक्यावर घेऊन तालुक्याच्या कचेरीपर्यंत चालत नेली, त्याच्या तुकड्यावर सरकारची नजर बारीक. थंड हवेच्या भाडेपट्ट्यावर मात्र तीच नजर अनेक दशके मवाळ राहिली. सरकारला मूल्यांकन करता येत नाही असे जे म्हणतात त्यांनी नव्या शर्तीच्या जमिनीचा नजराणा कसा काढतात ते एकदा पाहावे. तेथे पैचा हिशेब होतो.

घरपट्टी कशी काढतात?

महाबळेश्वर आणि पाचगणी येथे गिरिस्थान नगरपरिषदा आहेत. त्यांना १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा कायदा लागू आहे. या कायद्यात मालमत्ता कर ठरतो तो घराच्या किमतीवर नव्हे, तर 'करयोग्य मूल्या'वर. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, जे उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरावीक टक्क्यांनी कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची.

दिसायला ही पद्धत निष्पक्ष आहे. पण तिचा परिणाम काय होतो ते मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवतो. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, एका बंगल्याची बाजारातली किंमत ८ कोटी रुपये आहे. तो भाड्याने दिलेला नाही, म्हणून अंदाजाने वार्षिक भाडे २ लाख धरले. दहा टक्के वजा जाता १ लाख ८० हजार. कर २५ टक्के धरला तर ४५ हजार रुपये. आता वस्तीतले दोन खोल्यांचे घर घ्या. किंमत ६ लाख. महिना हजार रुपये भाडे, म्हणजे वर्षाला १२ हजार. दहा टक्के वजा जाता १० हजार ८००. त्यावर २५ टक्के म्हणजे २ हजार ७०० रुपये. वरवर पाहता बंगलेवाला सोळा-सतरा पट कर भरतो. पण किमतीच्या मानाने पाहा. वस्तीतला माणूस आपल्या घराच्या किमतीच्या शेकडा ०.४५ इतका कर भरतो आणि बंगलेवाला शेकडा ०.०५६. म्हणजे संपत्तीच्या प्रत्येक रुपयामागे गरिबाचा कर आठपट.

यात कोणी लाच खाल्लेली नाही, कोणी कागद फाडलेला नाही. पद्धतच अशी आहे. बंगल्याची किंमत विटांत नसते, जमिनीत असते. त्या भागात भाड्याचा बाजार नसल्यामुळे भाड्याचा अंदाज नेहमी तोकडा पडतो. भाडे नियंत्रणाच्या कायद्यातील प्रमाण भाड्याच्या वर करयोग्य मूल्य जाऊ नये, असे न्यायालयांनीही पूर्वी ठरवले होते. त्यामुळे जमिनीचे भाव आकाशाला भिडले तरी घरपट्टी जमिनीवरच राहिली. मुंबई महानगरपालिकेने म्हणूनच २०१० पासून भाडे सोडून भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर आकारण्याची पद्धत घेतली. त्या पद्धतीच्या काही नियमांवरून न्यायालयात भांडणे झाली, पण किमतीवर कर आकारता येतो हे तत्त्व टिकले. २०२२ मध्ये तेथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. खाली सूट आणि वर भार, या दोन्ही गोष्टी करता येतात, हे त्यातून दिसते.

किंमत कोण वाढवतो?

बंगल्याची किंमत वाढली यात मालकाचे कर्तृत्व किती, हा या वादातला कळीचा प्रश्न आहे. वाईचा पसरणी घाट सरकारने राखला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईचा शेठ दुपारच्या जेवणाला डोंगरावर पोहोचू लागला. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. जंगल वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण नव्या बांधकामावर बंधन आले की जुने बांधकाम दुर्मीळ होते, आणि दुर्मीळ वस्तूचा भाव चढतो. म्हणजे सार्वजनिक हितासाठी केलेल्या कायद्याने खाजगी बंगल्याची किंमत वाढवली. त्याच कायद्याने वस्तीतल्या कुटुंबाला वाढत्या मुलांसाठी एक खोली चढवायची असेल तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. एकाच नियमाने एकाला भाववाढ मिळाली आणि दुसऱ्याला कोंडमारा.

रस्ता झाडणारे हात, गटार उपसणारे हात, पावसाळ्याआधी बंगल्याच्या भिंतींना गवताचे आच्छादन बांधणारे हात, सहाशे सेंटिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसात ओस बंगल्याची राखण करणारे हात कोणाचे, हे मी या पानांच्या वाचकाला सांगायला नको. गाव स्वच्छ राहिले तर गिऱ्हाईक येते आणि गिऱ्हाईक आले तर जमिनीला भाव येतो. या भावात सफाई कामगाराच्या श्रमाचा वाटा आहे, पण त्याच्या नावाने सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर एक ओळही नाही. अमेरिकेतील हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये हेच सांगितले होते : जमिनीची वाढलेली किंमत समाज निर्माण करतो, म्हणून ती कररूपाने समाजाकडे परत आली पाहिजे. आपल्याकडे त्यात आणखी एक पदर आहे. जमीन कोणी घ्यायची आणि घाण कोणी काढायची हे येथे जातीने ठरवून ठेवले होते. म्हणून आपल्या देशात स्थावर संपत्तीचा हिशेब हा जातीचाही हिशेब असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१३ च्या आकडेवारीवरून सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष बोलका आहे : देशातील एकूण संपत्तीपैकी सुमारे ४१ टक्के हिंदू उच्च जातींकडे आहे आणि अनुसूचित जातींकडे आठ टक्क्यांहूनही कमी.

दिल्लीने काय केले?

स्वातंत्र्यानंतर संपत्तीवर कर नव्हता असे नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मिळकतीवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, आली. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये संपत्तिकर आला. पुढे एकेक खांब काढला गेला. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली. संपत्तिकरातून शेअरसारखी 'उत्पादक' मालमत्ता १९९३ पासून वगळली गेली. उरली ती घरे, शहरी जमीन, दागिने, मोटारी. या उरलेल्या कायद्यात एक कलम आपल्या विषयाला थेट भिडणारे होते : नगरपालिकेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आतले फार्महाऊसही करपात्र संपत्तीत धरले होते. एका घराला सूट होती. म्हणजे राहत्या घराला हात न लावता चैनीच्या दुसऱ्या घराला कर, हे तत्त्व कायद्यात लिहिलेले होते. ३० लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर शेकडा १ असा दर होता.

२०१५ च्या अर्थसंकल्पात हा करही रद्द झाला. कारण दिले ते असे की, २०१३-१४ मध्ये त्यातून अवघे १,००८ कोटी रुपये आले आणि वसुलीचा खर्चच जास्त. पण शेअर वगळायचे, मूल्यांकन जुन्या आकड्यांवर ठेवायचे आणि मग उत्पन्न येत नाही म्हणायचे, हा युक्तिवाद गाईला चारा न घालता ती दूध देत नाही म्हणून विकण्यासारखा आहे. बदल्यात वर्षाला एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार बसवला. तो उत्पन्नावर. कुलूप लावलेल्या बंगल्याला उत्पन्न नसते. पूर्वी आयकरात दुसऱ्या घराचे काल्पनिक भाडे धरून त्यावर कर लागे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने स्वतःच्या वापरातली दोन घरे शून्य भाड्याची मानली. याचा अर्थ असा की, मुंबईत एक आणि महाबळेश्वरात एक, अशी दोन घरे ठेवणाऱ्याला दुसऱ्या घरापायी ना संपत्तिकर, ना काल्पनिक भाड्यावर आयकर. उरली ती घरपट्टी. तिचे गणित वर पाहिलेच.

आणि वस्तीतला माणूस? तो साबणाच्या वडीवर कर देतो, मोबाईलच्या रिचार्जवर देतो, चपलेवर देतो. २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर गिऱ्हाइकाची जात विचारत नाही तसाच त्याचा खिसाही विचारत नाही. महाबळेश्वरच्या नाक्यावर येणाऱ्या प्रवाशाकडून डोकेपट्टीने कर घेतात. एस.टी.ने आलेल्या कामगार कुटुंबाला तो चुकत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमके हेच बोट ठेवले होते. आयकराला किमान मर्यादा आहे, चढते दर आहेत. शेतसाऱ्याला मात्र दोन्ही नाहीत. एकरभर जमीनवाला आणि शेकडो एकरवाला एकाच मापाने साऱ्याखाली येतो, हा अन्याय त्यांनी मांडला. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले की, पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षण वरच्या वर्गाला मिळते. म्हणजे कर कोण भरतो आणि लाभ कोणाला होतो, ही दुहेरी चौकशी आपल्या परंपरेतलीच आहे. ती कोणा परक्या विचारसरणीतून उसनी घ्यावी लागत नाही.

आक्षेप आणि त्यांचे तोल

विरोधकांचे सगळेच आक्षेप पोकळ नाहीत. ते नीट तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप : घर घेतानाच मुद्रांक शुल्क भरले, पैसाही कर भरून उरलेलाच होता, मग दरवर्षी पुन्हा कर कशाला? उत्तर असे की, रस्ता, पाणी, दिवाबत्ती, पोलीस हेही दरवर्षी लागतात. भाववाढही दरवर्षी होते.

दुसरा आक्षेप : किंमत ठरवणार कोण? सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तो आहेच. वस्तीतला माणूस गुंठाभर जागा घेतो तेव्हा त्याच तक्त्याने मुद्रांक शुल्क घेतले जाते. तेव्हा तो तक्ता विश्वासार्ह आणि बंगल्याच्या कराच्या वेळी संशयास्पद, असे कसे चालेल? राज्यातल्या ग्रामपंचायतींची घरपट्टीही २०१५ च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर काढली जाते.

तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. बाजारपेठेत जुने घर असलेली एखादी विधवा, निवृत्त शिक्षक, लहान दुकानदार यांच्या घराची किंमत फुगली, पण हातात रोकड नाही. त्यांनी घर विकून कर भरायचा काय? मुळीच नाही. यासाठी दोन उपाय आहेत. एक, राहत्या घराला पुरेशी मोठी सूट. दोन, ज्याला शक्य नाही त्याचा कर घरावर बोजा म्हणून नोंदवून ठेवायचा आणि विक्रीच्या किंवा वारसा लागण्याच्या वेळी वसूल करायचा. ही विधवा मात्र खरी असली पाहिजे. मी पाहिले आहे की अशा वादात तिचे नाव घेणारे बहुधा तिसऱ्या बंगल्याचे मालक असतात.

चौथा आक्षेप : जगात असे कोठे आहे? आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये सर्वसाधारण संपत्तिकर काढला, पण १३ लाख युरोंवरच्या स्थावर संपत्तीवरचा कर ठेवला. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. तेथील खेड्यांतही सुटीच्या घरांमुळे भूमिपुत्रांना घरे मिळेनाशी झाली होती. इंग्लंडमध्ये २० लाख पौंडांवरच्या घरांवर एप्रिल २०२८ पासून वार्षिक अधिभार लावण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. ज्यांनी माल्कम पेठ वसवली त्यांच्या देशात हा वाद सुरू झाला, आणि आपण मात्र त्यांनी ठेवलेल्या बंगल्यांना हात लावायला कचरतो.

महाराष्ट्राला यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. मोठ्या निवासी जागा असलेल्या इमारतींवर कर बसवणारा कायदा याच राज्याने १९७९ मध्ये पुन्हा अधिनियमित केला. तो मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांसाठी आहे, गिरिस्थानांसाठी नाही. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली तेव्हा शहरांतील बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर बसवला गेला. शहरातल्या इमारतीने खेड्यातल्या भूमिहीनाच्या मजुरीला हातभार लावावा, हा विचार या राज्याने एकदा मान्य केलेला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमिनी व इमारती यांवरील कर राज्यांच्या यादीत, ४९ क्रमांकावर आहे. म्हणजे दिल्लीने संपत्तिकर काढला म्हणून मुंबईचे हात बांधलेले नाहीत.

आपण काय मागायचे?

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' हा प्रकल्प आखला गेला आणि पुढे त्याची व्याप्ती आणखी वाढवण्यात आली. २०२४ मध्ये कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावच्या मोठ्या जमीन खरेदीचे प्रकरण गाजले आणि कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली चौकशी सुरू झाली. कोयनेच्या धरणाने ज्या खोऱ्यातली माणसे उठवली, त्याच खोऱ्यात आता दुसऱ्या घरांसाठी जमिनी उचलल्या जात आहेत. बंगले आधी आणि कराचा विचार मागाहून, ही माल्कम पेठेची गोष्ट पुन्हा होऊ द्यायची नसेल तर मागण्या आजच नेमक्या केल्या पाहिजेत.

एक : नगरपरिषदांची घरपट्टी भांडवली मूल्यावर आणावी, पण लहान राहत्या घरांना मुंबईप्रमाणे माफी देऊनच. माफीशिवाय भांडवली मूल्य आले तर पहिला फटका वस्तीला बसेल, हे विसरू नये. दोन : वर्षातला बहुतेक काळ बंद असलेल्या दुसऱ्या घरावर जादा दर. तीन : १९७९ च्या कायद्याची व्याप्ती गिरिस्थानांपर्यंत वाढवावी. चार : सरकारी भाडेपट्ट्यांचे भुईभाडे आजच्या मूल्यदराशी जोडावे. पाच : वाढलेल्या वसुलाचा ठरावीक भाग सफाई कामगारांची घरे, वस्तीचे पाणी, वसतिगृहे यांसाठी राखून ठेवावा. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करण्याचा नियम आहेच. फार्महाऊसची आकारणी पुरी झाली की ही १५ टक्क्यांची रक्कमही आपोआप वाढते. हा दुवा आपल्या सरपंचांना आणि सदस्यांनाही फार थोड्या ठिकाणी ठाऊक असतो.

शेवटी एक साधी गोष्ट. आपल्या वस्तीत घरपट्टीची पावती लोक ट्रंकेत, डब्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवतात. मालकीचा उतारा नसतो, म्हणून रेशनकार्डाला, शाळेच्या दाखल्याला, विजेच्या मीटरला तीच पावती दाखवायची. मालकीचा पुरावा म्हणून ती चालत नाही हे माहीत असूनही माणसे उसनवारी करून घरपट्टी भरतात. बंगल्याला घरपट्टी हा खर्च असतो. वस्तीला ती आपण येथे राहतो याची साक्ष असते. जो माणूस आपले अस्तित्व सिद्ध करण्यासाठी कर भरतो, त्याला कराविषयी बोलण्याचा अधिकार सर्वांच्या आधी आहे.

म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे की, पुढच्या फेरआकारणीची नोटीस निघेल तेव्हा केवळ आपल्या घराचा आकडा पाहून थांबू नका. आकारणीची यादी सर्वांना पाहता येते. ती मागा, वही घेऊन बसा, बंगल्यांचे आकडे उतरवा, त्यांच्यासमोर मूल्यदर तक्त्यातली किंमत लिहा आणि भागाकार करा. आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांचा वसूल डोक्यावरून वाहिला, त्यात किती आहे हे विचारण्याची त्यांना मुभा नव्हती. आपल्याला ती आहे.